ठाण्याच्या जुन्या छायाचित्रांतील मोटारी कशा ओळखाव्यात

ठाण्यातील जुन्या घरांच्या आल्बममध्ये, संस्थांच्या स्मरणिकांमध्ये आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या छायाचित्रांमध्ये मोटार बहुधा कडेला उभी असते. छायाचित्रकाराचे लक्ष मसुंदा तलावाकडे, लग्नाच्या वरातीकडे किंवा एखाद्या पाहुण्याच्या सत्काराकडे असते आणि गाडी चौकटीत आपसूक आलेली असते. तरीही चित्राचा काळ ठरवताना तिच्याइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. कौपिनेश्वराचा कळस पिढ्यान्‌पिढ्या तोच दिसतो, धोतर, कोट आणि टोपी हा पेहराव पन्नास वर्षे फारसा बदलला नाही. मोटारीचे दिवे, चाके, मडगार्ड आणि पुढची जाळी मात्र दर काही वर्षांनी पालटत गेली.

हा पुरावा वापरताना एक नियम सतत पाळावा लागतो. मोटार फक्त खालची मर्यादा सांगते. १९२६ साली बनलेली गाडी चित्रात असेल, तर चित्र १९२६ च्या आधीचे नाही एवढेच सिद्ध होते. ते १९२६ चेच आहे असे मुळीच ठरत नाही. आपल्याकडे गाडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून भाड्याच्या धंद्यात आणि शेवटी मागचा भाग कापून मालवाहतुकीला, अशी वीस-पंचवीस वर्षे सहज चालत असे. म्हणून चित्रातील सर्वांत देखण्या गाडीवर वेळ घालवण्यापेक्षा सर्वांत नवी वस्तू कोणती ते शोधावे. काळ तिच्यावरून ठरतो.

प्रथम छायाचित्राची मागची बाजू पाहावी. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचे नाव, शाईने लिहिलेली तारीख यांपैकी काही असेल तर ते टिपून घ्यावे, पण मागे लिहिलेले साल हे पुष्कळदा चाळीस वर्षांनी कोणीतरी आठवणीने लिहिलेले असते हेही लक्षात ठेवावे. लहान छायाचित्र स्कॅन करताना बारीक तपशील उतरेल इतके, म्हणजे १,२०० डीपीआयचे रिझोल्यूशन ठेवावे. चित्र आपोआप ठसठशीत किंवा रंगीत करून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये. अशी ॲप पुसट नंबरप्लेटवर स्वतःच्या कल्पनेचे आकडे काढतात आणि रेडिएटरला कधी नव्हती ती जाळी बसवतात. ओळख पटवण्याच्या कामात असे चित्र निरुपयोगी ठरते.

त्यानंतर चित्र उलटे छापलेले नाही याची खात्री करावी. काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापली की डावे-उजवे बदलते. दुकानाची पाटी असेल तर ते लगेच कळते, नाहीतर स्टिअरिंग पाहावे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. ते डावीकडे दिसले तर चित्र उलटे आहे, किंवा गाडी अमेरिकी सैन्याच्या जीपसारखी मूळचीच डाव्या स्टिअरिंगची आहे. रंगांबाबतही सावध राहावे. निगेटिव्हच्या जुन्या काचा निळ्या रंगाला फार आणि लाल रंगाला जवळजवळ मुळीच दाद देत नसत. त्यामुळे लालभडक गाडी चित्रात काळी दिसते आणि निळी गाडी पांढुरकी. ‘काळ्या रंगाची मोटार’ असे मथळ्यात लिहिण्याआधी हे आठवावे.

मुंबईत मोटार १८९८ च्या सुमारास आली. त्यानंतरची पहिली दहा वर्षे मोटार फार थोड्यांकडे होती, त्यामुळे ‘१९०० सालचे ठाणे’ अशा मथळ्याखाली तीन-चार मोटारी ओळीने उभ्या दिसल्या तर मथळ्यावर शंका घ्यावी. अगदी सुरुवातीच्या गाड्या घोड्याच्या बग्गीसारख्या उंच असत. धूसर चित्रात बग्गी आणि मोटार यांचा घोटाळा होतो. अशा वेळी पुढे घोडा जुंपण्याचे दांडे आहेत का आणि चारही चाके साधारण एका आकाराची आहेत का, हे दोन प्रश्न पुरेसे असतात.

आता गाडीचा पुढचा भाग पाहावा, कारण खरा मजकूर तिथेच असतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांना कार्बाइडवर चालणारे मोठे गॅसचे दिवे आणि बाजूला कंदिलासारखे तेलाचे छोटे दिवे असत. गॅस तयार करणारा पितळी डबा बहुधा पायदानावर बसवलेला दिसतो. त्यानंतर विजेचे दिवे आले आणि बाजूचे कंदील हळूहळू गेले. सुमारे १९३५ पर्यंत हेडलाइट स्वतंत्र दांडीवर सुटे उभे असत, पुढच्या चार-पाच वर्षांत ते मडगार्डात मिसळू लागले आणि १९५० च्या दशकातील गाडीत ते पत्र्याचाच भाग झाले. रेडिएटरचेही तसेच. १९३० पर्यंत तो उघडा आणि उभा असे, त्यानंतर त्याच्यापुढे सजावटीची जाळी आली, ती मागे कलली आणि पुढे रुंद होत गेली. चाकांना आधी लाकडी आरे होते. १९२० च्या दशकात तारेचे आरे आणि पत्र्याच्या चकत्याही दिसतात, तर १९३५ नंतर दाबलेल्या पोलादाचे भरीव चाक सर्रास झाले. टायर फिकट राखाडी किंवा पांढुरका दिसत असेल तर गाडी बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेली आहे, कारण रबरात काजळी मिसळण्याची पद्धत त्याच काळात रूढ झाली.

फोर्ड कंपनीची मॉडेल टी मुद्दाम ओळखायला शिकावी. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या आणि ब्रिटिश साम्राज्यातील देशांसाठी उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातून येत. चमकणारा पितळी रेडिएटर आणि गॅसचे दिवे असतील तर ती १९१४ किंवा त्याआधीची. पितळी रेडिएटर पण विजेचे दिवे असतील तर १९१५-१६ ची. रेडिएटरभोवती काळे कवच आणि गोलसर बॉनेट असेल तर १९१७ नंतरची. हौशी मालक पितळेवर रंग चढवत, म्हणून एकट्या रेडिएटरवर भिस्त न ठेवता बॉनेट आणि मडगार्डाची गोलाईही तपासावी. १९१७ च्या आधीचे बॉनेट वरून कोनदार असते.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि त्यानंतरच्या चित्रांत शेवरलेट गाड्या नि लॉऱ्या वाढतात. याच काळातील सर्व्हिस मोटारी, म्हणजे एस.टी.पूर्वीच्या खासगी बसगाड्या, ओळखताना अनेकजण फसतात. लॉरीची चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह नुसता खालचा साटा, विकत घेऊन तिच्यावर स्थानिक सुतार-लोहार लाकडी सांगाडा चढवत. टपावर सामानाची जाळी आणि मागे शिडी. हा सांगाडा जुना झाला की दुसरा चढे, म्हणून त्यावरून काळ काढू नये. बॉनेट, रेडिएटर आणि चाक एवढेच पाहावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा एकदा कळल्या की चुकत नाहीत. हेडलाइटवर काळे झाकण आणि त्यात बारीक फट, मडगार्डाच्या कडांवर पांढरा रंग, आणि पेट्रोलच्या टंचाईमुळे मागे किंवा बाजूला बसवलेली कोळशाच्या गॅसची उभी टाकी. जीप दिसली तर तिच्या पुढच्या पट्ट्यांमधील फटी मोजाव्यात. दाबलेल्या पत्र्याच्या लष्करी जीपला त्या नऊ असतात, १९४५ नंतरच्या नागरी जीपला सात आणि तिचे दिवेही मोठे असतात.

स्वातंत्र्यानंतरचा काळ सोपा आहे, म्हणून थोडक्यात. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा एस.टी.ची गाडी दिसली की चित्र त्यानंतरचे. फियाट ११०० आणि लँडमास्टर १९५४ पासूनच्या, ॲम्बेसेडर त्यानंतर तीन-चार वर्षांनी. टाटांच्या ट्रकवर मर्सिडीज-बेंझचा तारा असेल तर ट्रक १९५४ ते १९६९ या काळातील. पेट्रोल पंपावर बर्मा-शेलची पाटी असेल तर चित्र १९२८ नंतरचे आणि बहुतेक १९७७ च्या आधीचे. ठाणे महापालिकेची बस म्हणजे १९८९ किंवा नंतर.

नंबरप्लेट वाचता आली तर उत्तमच. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई इलाख्यातील आणि पुढे मुंबई राज्यातील गाड्यांवर ‘बी’ने सुरू होणारी तीन रोमन अक्षरे असत, महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर ‘एम’ने सुरू होणारी आली. ‘एमएच-०४’ ही ठाण्याची आजची पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. नुसते आकडे किंवा एक अक्षर आणि आकडे असतील तर प्लेट बहुधा १९३९ च्या कायद्यापूर्वीची.

गाडी ओळखली तरी जागा सिद्ध व्हायची असते. ठाण्याच्या नावाने फिरणारी कित्येक चित्रे दुसऱ्याच गावची असतात. पाठीमागे मसुंद्याचा काठ, तलावाजवळचे चर्च, कारागृह झालेल्या किल्ल्याची भिंत, खाडीपलीकडे पूर्वेला पारसिकचा डोंगर किंवा पश्चिमेला येऊरची रांग यांपैकी एक तरी गोष्ट ओळखू यावी. पारसिक समोर दिसत असेल तर छायाचित्रकार पूर्वेकडे तोंड करून उभा आहे; मग सावल्या कोणत्या बाजूला पडल्या आहेत यावरून सकाळ की दुपार तेही सांगता येते. ठाण्यात दिसणारी गाडी ठाणेकराची असेलच असे नाही, हेही ध्यानात घ्यावे. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी वाहने ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल अशी जात, आणि नाशिकचा आग्रा रोड तर ठाण्यातूनच. त्याच कारणाने वाशी किंवा तुर्भे येथील म्हणून दाखवल्या जाणाऱ्या आणि मोटारींनी गजबजलेल्या रस्त्याच्या ‘१९४० च्या’ चित्रावर विश्वास ठेवू नये; तिथे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० ची आहे.

एक नमुना घेऊ. समजा, तलावाच्या काठी एक टूरर, म्हणजे पक्के छप्पर नसलेली उघडी मोटार, उभी आहे, कापडी हूड मागे दुमडलेले, बाजूला टोपी घातलेली तीन मुले. रेडिएटरचे कवच काळे, दिवे विजेचे, चाकांना लाकडी आरे. ही १९१७ नंतरची मॉडेल टी. घरच्यांनी मागे ‘१९२० च्या सुमारास’ लिहिले आहे आणि ते पटण्यासारखेही आहे. पण उजव्या कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली एक बस आहे आणि तिचे जे एक चाक दिसते ते भरीव पोलादी आहे, शिवाय तिचा दिवा मडगार्डाला चिकटलेला आहे. म्हणजे चित्र १९३५ नंतरचे. टूररच्या मडगार्डावर पांढरा पट्टा नाही आणि दिवे झाकलेले नाहीत, तेव्हा ते युद्धाच्या आधीचे असण्याची शक्यता अधिक, खात्री मात्र नाही. घरच्यांना पंधरा वर्षांनी चित्र ‘तरुण’ झाल्याचे वाईट वाटते. पण त्या तीन मुलांपैकी कोण कोण हे ठरवायला हीच दुरुस्ती उपयोगी पडते, कारण मुलांची वये १९३५ नंतरच्या सालाशी जुळवून पाहता येतात.

जत्रेतील आणि स्टुडिओतील रंगवलेल्या मोटारी हा आणखी एक गमतीचा भाग आहे. पुठ्ठ्याच्या किंवा फळीच्या गाडीत बसून फोटो काढून घेण्याची हौस फार होती. गाडीची जमिनीवर सावली पडत नसेल, चाके अगदी सपाट वाटत असतील आणि बसलेल्यांचे पाय कुठेच दिसत नसतील, तर गाडी कोणत्या कंपनीची ते शोधत बसू नये.

शेवटी नोंद लिहिताना जे दिसते ते आणि जे अनुमान आहे ते वेगवेगळ्या वाक्यांत लिहावे. ‘काळ्या कवचाची मॉडेल टी, शेजारच्या बसला भरीव पोलादी चाक. गाडी १९१७ नंतरची, चित्र १९३५ नंतरचे, युद्धपूर्व असावे’ अशी नोंद मऊ पेन्सिलने, चित्रावर नव्हे तर ते ठेवलेल्या पाकिटावर करावी, आणि स्कॅन केलेल्या फाइलच्या नावात फक्त खात्रीचा भाग ठेवावा.