जेम्स स्टुअर्ट यांच्या कारकिर्दीवर तासाभराचा कार्यक्रम कसा बांधावा

कोल्हापुरात जुन्या चित्रपटाविषयी बोलायला उभे राहणाऱ्याने श्रोत्यांपैकी दोन-चार जणांच्या घरातले कोणीतरी जयप्रभा किंवा शालिनी स्टुडिओत कधीकाळी कामाला होते, असे धरूनच चालावे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, त्या गावातल्या प्रेक्षकाला नटाचे जन्मगाव, शिक्षण आणि पारितोषिके यांची सनावळी ऐकवली, तर तो पहिल्या दहा मिनिटांतच घड्याळाकडे पाहू लागतो. म्हणून सुमारे ८० चित्रपटांत काम केलेले हॉलिवूडचे नट स्टुअर्ट यांच्याविषयी बोलायचे असेल, तर आधी एक प्रश्न निश्चित करावा आणि त्याच्या उत्तराला उपयोगी पडेल तेवढेच बरोबर घ्यावे. माझ्या मते तो प्रश्न असा: बोलताना अडखळणारा, शब्द लांबवणारा हा उंच, सडपातळ नट युद्धावर जाऊन आला, तेव्हा त्याच्या अडखळण्याचे काय झाले?

एका तासातली ३५ मिनिटे पडद्याला द्यावीत आणि २५ स्वतःकडे ठेवावीत. याच्या उलट हिशेब केला, तर ते व्याख्यान होते. पाच प्रसंग पुरेसे आहेत. ते निवडताना गाजलेले संवाद शोधू नयेत. ज्या प्रसंगात स्टुअर्ट यांचा आवाज किंवा चेहरा काही वेगळे करतो, तो प्रसंग घ्यावा. जन्म २० मे १९०८, गाव पेनसिल्व्हेनियातील इंडियाना, वडिलांचे हार्डवेअरचे दुकान, प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३२ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी, मग नट हेन्री फोंडा यांच्या सोबतीने नाटकातली उमेदवारी आणि १९३५ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा करार, एवढे दोन मिनिटांत सांगून मोकळे व्हावे. दुकान मात्र श्रोत्यांच्या लक्षात राहील असे सांगावे, कारण ते पुढे परत येणार आहे.

पहिला प्रसंग 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' (१९३९) मधील सिनेटचा. तो लावण्यापूर्वी अमेरिकी सिनेटमधली प्रथा समजावून द्यावी लागते: बोलायला उभा राहिलेला सदस्य खाली बसला नाही आणि त्याने बोलण्याचा हक्क दुसऱ्याला दिला नाही, तर तो कितीही वेळ बोलत राहू शकतो. हे ठाऊक नसेल, तर प्रेक्षकाला नायक नुसताच हट्टी वाटतो. बोलून बोलून बसलेला घसा खरा वाटावा म्हणून स्टुअर्ट यांनी डॉक्टरांकडून घशाला पाऱ्याचे संयुग लावून घेतले होते, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण ती प्रसंग संपल्यावर सांगावी. आधी सांगितली, तर लोक नायकाकडे दुर्लक्ष करून घसाच ऐकत बसतात.

प्रसंग चालू असताना मराठीत समालोचन करण्याचा मोह टाळावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी एका सभागृहात माईक हातात धरून प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत गेलो आणि कार्यक्रम संपल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी शांतपणे विचारले, "तुमचा आवाज चांगला ऐकू आला, त्यांचा केव्हा ऐकवणार?" तेव्हापासून मी प्रसंगाचा आशय आधी पाच-सहा वाक्यांत सांगतो, इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवतो आणि दिवे मालवल्यावर गप्प बसतो. शब्द सुटले तरी चालतात. लकब सुटता कामा नये.

दुसरा प्रसंग 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) मधला, ज्यात मद्य घेतलेले स्टुअर्ट रात्री सहनट केरी ग्रँट यांच्या घरी येतात. त्यांनी मध्येच दिलेली उचकी पटकथेत नव्हती आणि ग्रँट यांचे चमकून पाहणेही ठरलेले नव्हते. श्रोत्यांना एवढे सांगून तो प्रसंग दोनदा दाखवला तरी कोणाची तक्रार येत नाही. याच भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि ती ऑस्करची बाहुली वडिलांच्या दुकानात गेली, जिथे ती अनेक वर्षे मांडून ठेवलेली होती. पारितोषिकाची सालावळ सांगताना हमखास चूक होते, म्हणून टिपणात नीट लिहून घ्यावे: चित्रपट १९४० चा, सोहळा २७ फेब्रुवारी १९४१ चा आणि स्टुअर्ट सैन्यात दाखल झाले २२ मार्च १९४१ रोजी. या तारखा एकापाठोपाठ एक वाचल्या की सभागृहात आपोआप शांतता पसरते.

युद्धाच्या भागात कोणताही प्रसंग दाखवू नये. दिवे लावावेत आणि चार मिनिटे साधेपणाने बोलावे. वजन कमी भरल्यामुळे आधी नाकारले गेलेले स्टुअर्ट साधे शिपाई म्हणून भरती झाले. विमान चालवणे त्यांना आधीपासून येत होते. १९४३ च्या अखेरीस ते इंग्लंडमधील तळावर पोहोचले, बी-२४ बाँबफेकी विमानांतून त्यांनी २० मोहिमा केल्या आणि युद्ध संपले तेव्हा ते कर्नल होते. या अनुभवाविषयी ते पुढे फारसे बोलत नसत. तेव्हा वक्त्यानेही त्यांच्या मनात काय चालले असेल याची चित्रे रंगवू नयेत. ते काम पुढचा प्रसंग करतो.

हा तिसरा प्रसंग माझ्या दृष्टीने कार्यक्रमाचा कणा आहे. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) मध्ये सर्व बाजूंनी कोंडीत सापडलेला नायक गुत्त्यात बसून हळू आवाजात प्रार्थना करतो. चित्रीकरणाच्या वेळी स्टुअर्ट यांना खरोखरच रडू आले. कॅमेरा लांब होता आणि तेच रडू पुन्हा आणणे शक्य नव्हते, म्हणून दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी नंतर प्रयोगशाळेत ती चौकट मोठी करून चेहरा जवळ आणला. त्यामुळे तिथे चित्र किंचित भरड दिसते. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मुलाला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो बिचारा भर प्रार्थनेत फोकस फिरवत बसतो. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अपेक्षेएवढा चालला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी वाहिन्या तो नाताळात वारंवार दाखवू लागल्या आणि मग तो घरोघरी पोहोचला.

चौथा प्रसंग 'विंचेस्टर ७३' (१९५०) मधला: स्टुअर्ट खलनायकाचा हात पिरगाळून त्याचे तोंड गुत्त्याच्या फळीवर आपटतात आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसते, ते १९३९ च्या सिनेटरमध्ये शोधूनही सापडत नाही. याचे दिग्दर्शक अँथनी मान यांच्याबरोबर त्यांनी आठ चित्रपट केले, त्यांपैकी पाच वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट. इथे व्यवहाराची गोष्टही सांगावी, कारण ती कोल्हापूरकरांना चटकन कळते. ठरलेल्या मानधनाऐवजी स्टुअर्ट यांनी या चित्रपटाच्या नफ्यात वाटा घेतला आणि कंपनीच्या पगारावर नट बांधून ठेवण्याच्या पद्धतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडून शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी केली, ती घटना शेजारी ठेवावी. दोन्हींत फरक आहे, कारण इथे पगारदारांनी कंपनीच काढली आणि तिथे नटाने वाटा मागितला. पण कलावंताच्या कष्टाचे पैसे कोणाकडे जातात, हा प्रश्न एकच आहे.

शेवटचा प्रसंग 'व्हर्टिगो' (१९५८) मधील हॉटेलच्या हिरव्या उजेडाचा. त्यासाठी पूर्ण अंधार लागतो, म्हणून सभागृह निवडताना दुपारी नव्हे तर कार्यक्रमाच्याच वेळी जाऊन खिडक्या पाहाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत साडेसातच्या आधी आपल्याकडे पुरेसा अंधार होत नाही. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारखे बंदिस्त सभागृह मिळाले, तर ही चिंता उरत नाही. जाहीर खेळासाठी हक्कधारकांची परवानगी लागते का, याची चौकशी मात्र महिनाभर आधी करावी.

हा प्रसंग लावण्यापूर्वी कथानक सांगू नये. या माणसाने एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीसारखे सजायला भाग पाडले आहे आणि ती आता दारातून येणार आहे, इतकेच सांगावे. पुढे स्टुअर्ट जवळजवळ काहीच बोलत नाहीत. अडखळायला जिभेवर शब्दच उरलेला नसतो; जे होते ते डोळ्यांत आणि किंचित उघड्या ओठांत होते. चित्र थांबल्यावर लगेच दिवे लावू नयेत आणि आभारप्रदर्शनाला कोणाला धावत मंचावर पाठवू नये. अर्धा मिनिट अंधार राहू द्यावा. पहिला प्रश्न बहुधा त्या अंधारातूनच येतो.