बॉयलरची राख सिमेंटमध्ये चालते का? घ्या चाचणी

दौंड-इंदापूर भागातल्या साखर कारखान्यांत बगॅस (उसाचा चोथा) जळून उरलेली राख पुण्यातल्या काँक्रीट लॅबमध्ये तपासता येते. राख पोत्याच्या वरवरची घेऊ नका, चार-पाच ठिकाणची एकत्र करा. १०५ अंशांवर वाळवा, बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या चक्कीत) दळा आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. चाळणीवर काळे, हलके तंतू उरतात. तो अर्धवट जळालेला बगॅस, टाकून द्या.

राख चाळूनही काळीच दिसली तर कार्बन जास्त आहे. असा कार्बन पाणी पितो. मग मफल भट्टीत (लॅबमधल्या बंद विजेच्या भट्टीत) ६०० अंशांवर दोन तास भाजा. तापमान फार चढवू नका. राखेतली सिलिका स्फटिकी होते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी नीट अभिक्रिया करत नाही.

आता ताकद तपासायला मॉर्टरचे क्यूब (घनाकृती ठोकळे) करा. एका क्यूबला १८० ग्रॅम सिमेंट, २० ग्रॅम राख, ६०० ग्रॅम प्रमाणित वाळू. पाणी एकूण वजनाच्या (P/४ + ३) टक्के; P म्हणजे ठरावीक घट्टपणाची पेस्ट व्हायला लागणारं पाणी, टक्क्यांत. सगळे इथेच चुकतात: P नुसत्या सिमेंटचा धरतात. सिमेंट-राख मिश्रणाचा P विकॅटवर (पेस्टचा घट्टपणा सुईने मोजणाऱ्या उपकरणावर) नव्याने काढा. तो ३० असेल तर पाणी ८४ मिली, ३४ असेल तर ९२.

७०.६ मिमीचे साचे, २४ तासांनी क्यूब पाण्यात. पाणी २७ अंशांवर ठेवा. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं थेट ओतू नका. राख न घातलेले क्यूबही सोबत करा, प्रत्येक वयाला (७ आणि २८ दिवस) तीन-तीन. सात दिवसांच्या ताकदीचा आकडा कमी आला म्हणून राख फेकू नका, ही अभिक्रिया संथ असते. निकाल २८ दिवसांनीच लावा.