प्रोजेक्टचा विषय बारीक कसा करायचा

'कोकणातली मासेमारी' असला विषय घेऊच नका, त्यात वर्ष जाईल नि हाती काही लागणार नाही. आधी जागा धरा, समजा रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, मग काळ, म्हणजे 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी, मग माणसं, मासे विकणाऱ्या बायका. आता प्रश्न बघा कसा नेमका होतो: या 61 दिवसांत त्या काय विकतात, सुकट, सुके बोंबील की खाडीचे मासे?

मग एकदा बाजारात जाऊनच या. टोपलीत काय, वाटा केवढ्याला, सगळं वहीत लिहा. सकाळच्या गडबडीत मात्र विचारू नका हां, दुपारी जरा निवांत झाल्या की मावश्या भरभरून बोलतात. दहाजणींशी बोलून उत्तर मिळण्यासारखं असेल तर विषय पक्का करा.