भीमेच्या खोऱ्यात गळ कुठे टाकावा

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पूर्वेकडे वाहत जाते आणि वाटेत भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा अशा नद्यांना पोटात घेते. या नद्यांवर आणि त्यांच्या उपनद्यांवर चासकमान, भामा-आसखेड, पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, खडकवासला, डिंभे, भाटघर आणि अगदी शेवटी उजनी अशी धरणे झाली. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील कोणत्याही गावापासून थोड्या अंतरावर गोड्या पाण्याचा एखादा तरी मोठा साठा सापडतो. नव्याने गळ हाती घेणारा माणूस मग हमखास एकच प्रश्न विचारतो : कोणत्या धरणावर जाऊ? माझा अनुभव असा की धरणाचे नाव कळल्याने फारसे काही साधत नाही. कोणता मासा हवा, महिना कोणता आहे आणि त्या महिन्यात पाणी कुठवर आले आहे, या तीन गोष्टी कळल्या की जागा आपोआप ठरते.

घाटमाथ्याजवळच्या नद्यांपासून सुरुवात करू. येथील पाणी थंड, स्वच्छ आणि खडकांतून खळाळत जाणारे असते. या पाण्याचा मानाचा मासा म्हणजे खडस, ज्याला सर्वत्र महाशीर म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली मुळा-मुठेतील माशांवरून या जातीची शास्त्रीय नोंद केली, आणि जातीच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द आपल्याकडच्या बोलीतूनच गेला आहे. म्हणजे जगभरच्या ग्रंथांत ज्या माशाचे नाव आहे, त्याची ओळख पुण्याच्या नदीकाठी झाली. पुढे धरणे, प्रदूषण आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांमुळे तो अनेक ठिकाणांहून दिसेनासा झाला. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने त्याची पिल्ले तयार करण्याचे केंद्र चालवले आणि ती देशातील कितीतरी नद्यांत व तलावांत सोडली गेली.

खडस शोधायचा तर उथळ धार जिथे संपते आणि डोह सुरू होतो, ती जागा पाहावी. धारेबरोबर किडे, फळे, शेवाळाचे तुकडे वाहत येतात आणि डोहाच्या तोंडाशी त्यांचा वेग मंदावतो. मासा तेथेच, एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. काठावर उंबर असेल तर ती जागा सोडू नये, कारण पिकलेली उंबरे पाण्यात पडू लागली की खडस झाडाखाली येतो आणि अशा वेळी गळाला लावलेले उंबर कणकेच्या गोळ्यापेक्षा सरस ठरते. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, निदान १० किलो ताण सोसणारी घ्यावी. गळ लागल्याबरोबर हा मासा सरळ खडकांत घुसतो, आणि बारीक दोरी धोंड्यावर घासून क्षणात तुटते. तुटलेला गळ तोंडात घेऊन गेलेल्या माशाचे हाल होतात, म्हणून जाड दोरीचा आग्रह धरतो. गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा आणि खडस मिळाला तर तो सोडून द्यावा. त्याची वाढ संथ असते, आणि मोठी मादी एकदा मारली की त्या डोहाचे पुढच्या कित्येक वर्षांचे बियाणे संपते.

काही डोह मात्र गळासाठी नाहीतच. देहूचा इंद्रायणीचा डोह, महाडजवळचे वाळणकोंड, वाडा तालुक्यातील तिळसे ही देवाच्या माशांची ठिकाणे आहेत. शेवटची दोन भीमेच्या खोऱ्याबाहेर, घाटाखाली येतात. या माशांना लोक पिढ्यान् पिढ्या चुरमुरे आणि पिठाच्या गोळ्या घालत आले. तेथे जाऊन नुसते पाहत बसावे. खडस पाण्यात कसा वळतो, खाणे कसे उचलतो, सावली पडली की कसा खोल जातो, हे जितके तेथे शिकायला मिळते तितके हातात गळाची काठी असताना मिळत नाही.

धरणांच्या जलाशयांत मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ असतात. यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, दरवर्षी सोडली जातात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, म्हणून आमिष किती खोल सोडायचे हे माशावरून ठरवावे. भिंतीजवळचे खोल पाणी नवशिक्याला आकर्षक वाटते, पण भिंतीच्या परिसरात सुरक्षेमुळे बंदी असते आणि मासाही तेथे विखुरलेला असतो. चांगली जागा दुसऱ्या टोकाला, फुगवट्यात असते, जिथे ओढा किंवा नदी जलाशयात शिरते. धरण होण्यापूर्वीचे नदीपात्र पाण्याखाली खोल घळीसारखे राहिलेले असते आणि मासे दिवसा त्या घळीत राहून सकाळ-संध्याकाळ काठाच्या उथळ पाण्यात चरायला येतात. ही घळ ओळखायची तर मे महिन्यात, पाणी खाली गेलेले असताना, एकदा नुसती फेरी मारावी. जुना पूल, बांधाच्या ओळी, विहिरीचा कठडा, तुटलेली झाडे असे सारे काही उघडे पडते. त्याची खूण काठावरच्या एखाद्या ठळक झाडाशी किंवा टेकडीशी जुळवून ठेवली की ऑक्टोबरात भरलेल्या पाण्यातही ती जागा सापडते. माझ्या वहीतील सगळ्या चांगल्या जागा अशाच उन्हाळी फेऱ्यांत मिळाल्या आहेत.

आमिषासाठी शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून त्यात कणीक आणि थोडा भाताचा कोंडा मळावा. गोळा इतका घट्ट हवा की पाण्यात पाच-दहा मिनिटे टिकेल, आणि इतका सैल की त्याचा वास पसरेल. त्याच मिश्रणाचे चार-सहा गोळे आधी पाण्यात टाकून अर्धा तास थांबावे. थंडीच्या दिवसांत पहाटे जाऊन कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, कारण पाणी गार असताना हे मासे सुस्त असतात आणि ऊन चढल्यावर खायला लागतात. उन्हाळ्यात नेमके उलटे करावे.

मरळ हा वेगळ्या स्वभावाचा मासा आहे. तो काठालगतच्या गवतात, जलपर्णीच्या कडेला, शेततळ्यांत आणि साचलेल्या पाण्यात दबा धरून बसतो आणि हवा घेण्यासाठी मधूनमधून वर येतो. त्यासाठी रबराचा बेडूक गवताच्या कडेने हलकेच ओढत आणावा. मात्र काठाशी पाण्यावर तांबूस रंगाचा, सतत थरथरणारा ठिपका दिसला तर काठी गुंडाळून ठेवावी. जवळून पाहिले तर तो शेकडो इवल्या पिल्लांचा थवा असतो. पिल्ले एकदम वर येऊन श्वास घेतात, पाण्यावर पाऊस पडल्यासारखे बारीक तरंग उठतात, आणि त्यांच्याखाली हातभर खोल आई-बाप फिरत असतात. या वेळी मरळ समोर येईल त्यावर झडप घालतो, त्यामुळे तो पकडणे अगदी सोपे असते, आणि राखणदार गेला की तासाभरात इतर मासे पिल्ले फस्त करतात. असा थवा दिसताच मी काठावरून उठतो आणि सोबत कोणी नवखा असेल तर त्यालाही उठवतो.

उजनीचे पाणी या साऱ्यांहून मोठे आणि पसरट आहे. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांच्या काठाने लांबवर गेला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. येथे चिलापी मुबलक आहे. ओसरत्या पाण्याच्या कडेने चालताना ओल्या मातीत जेवणाच्या ताटाएवढे गोल खळगे ओळीने दिसतात. ती चिलापीच्या नरांनी कोरलेली घरटी असतात, आणि असे खळगे जिथे आहेत त्याच्या पुढच्या कमरेएवढ्या पाण्यात गांडूळ लावलेला लहान गळ टाकला तर निराशा होत नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. ती हवी तितकी न्यावी. अंधार पडू लागल्यावर जुन्या नदीपात्राच्या कडेला शिंगटा आणि शिवडा लागतात. शिंगट्याच्या कल्ल्यामागील काटे जबर लागतात, म्हणून गळ काढताना जाड फडके हाताशी असावे. बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर कधी गळाला लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये.

ओसरलेल्या काठावर एक धोका असतो. वरून भेगाळलेली, कोरडी दिसणारी माती आतून लोण्यासारखी मऊ असते. एकदा मी चार पावले पुढे गेलो आणि मांडीपर्यंत रुतलो. आडवे पडून, काठी छातीखाली घेऊन सरपटत बाहेर यायला अर्धा तास लागला. तेव्हापासून काठीने चाचपल्याशिवाय मी गाळावर पाऊल टाकत नाही आणि एकटा तर जातच नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, पात्रातील खडकांवर बसणे याहून धोक्याचे, कारण पाणी सोडले की काही मिनिटांत पात्र भरते. भोंगा ऐकू येताच सामान तेथेच टाकून वर चढावे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खालच्या मुळा-मुठेत, पवनेत आणि आळंदीच्या आसपासच्या इंद्रायणीत मिळालेला मासा खाऊ नये, कारण त्या पाण्यात शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी येते. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यांतून वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी काठी बाहेर काढत नाही. भीमाशंकरसारख्या अभयारण्यांत मासेमारीला मुळीच परवानगी नाही.

बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि तलावात बोटुकली सोडण्याचा खर्चही त्याच करतात. म्हणून काठावर पोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला भेटावे, परवानगी घ्यावी, असेल ते शुल्क द्यावे. मुळशी आणि वळवण हे तलाव टाटांच्या वीज कंपनीच्या मालकीचे आहेत, तेथे तिची परवानगी लागते. मच्छीमारांची जाळी लावलेली असतील तर त्यांच्यापासून शंभर पावले दूर बसावे. त्यांच्याशी चार शब्द बोलले, चहा घेतला, की आज वारा कोणत्या अंगाचा आहे आणि मासा कोणत्या काठाला आला आहे, हे तेच आपणहून सांगतात.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. त्याला पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही तळव्यांत अलगद आधार द्यावा आणि कल्ले नीट हलू लागेपर्यंत थांबावे. शेपटीचा झटका बसून तो स्वतः हातातून निघून जाईपर्यंत हात काढू नयेत.