पहाटेची हवा स्वच्छच असते असं नाही

थंडीत शहरात पहाटे धावायला जात असाल, तर वेळ थोडी पुढे ढकलून बघा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही. वर तुलनेने उबदार हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो आणि धूर, धूळ, गाड्यांचं उत्सर्जन त्याखाली कोंडतं. त्यात सकाळची वाहतूक सुरू झाली की भरच पडते. ऊन चढून जमीन तापल्यावर हवा घुसळू लागते, कण वर पसरून विरळ होतात. म्हणून अशा दिवशी व्यायामाला आणि खिडक्या उघडायलाही दुपार बरी.

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाआधी वारा बघायची सवय लावा. बेताचा वारा प्रदूषण पांगवतो. कोरडा, सोसाट्याचा वारा मात्र धूळ उडवून पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण) वाढवतो. तेव्हा नुसत्या एक्यूआयवर, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या एकत्रित निर्देशांकावर, न थांबता पीएम १० आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वेगवेगळे पाहा. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे.

पावसाची जोरदार सर मोठे कण बऱ्यापैकी धुऊन काढते, पण रिमझिमीने बारीक कण फारसे हटत नाहीत. घरी हवेतले कण मोजणारा स्वस्त सेन्सर असेल, तर धुक्यात त्याच्या आकड्यावर फार विसंबू नका (माझं मत विचाराल तर अजिबातच नको): दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो.