टेकडाउन धनुष्याचा सांधा: या चुका टाळा

टेकडाउन म्हणजे मुठीत दोन अर्ध्यांत सुटं होणारं धनुष्य. घरी असं लाकडी धनुष्य घडवणारे बहुतेक जण पात्यांवर, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांवर, महिनाभर खपतात आणि मुठीतला सांधा एका दुपारी उरकतात. मग ओढताना मूठ ‘कट्’ करू लागते. बरेच जण दोरी बदलून पाहतात, पण दोष सांध्यात असतो.

इथे नळीच्या सांध्याबद्दलच लिहितो आहे. मुठीत साधारण १० सेंमीची पोलादी नळी असते. ती एका अर्ध्याला कायमची चिकटवलेली असते आणि दुसरा अर्धा तिच्यात सरकतो. धनुष्य मुठीत सुटं करण्याची कल्पना जुनी आहे. आपल्याकडच्या जुन्या पोलादी धनुष्यांपैकी काही मुठीपाशी पेचाने उघडतात.

घट्ट वाटतं, पण बसलेलं नसतं

सगळ्यात जास्त सांधे इथेच बिघडतात. हाताने ओढून अर्धा निघत नाही, म्हणजे सांधा पक्का, असं आपण धरून चालतो. पण बाण ओढताना सांध्यावर ताण येतो तो वाकण्याचा. पातं पाऊण मीटरचं आणि नळीत शिरलेलं लाकूड जेमतेम ५ सेंमी. या तरफेचा सगळा जोर दोनच जागी येतो: नळीच्या तोंडाशी आणि आत गेलेल्या लाकडाच्या टोकाशी, तोही विरुद्ध बाजूंना. त्या दोन्ही जागी लाकूड धातूला टेकलेलं हवं.

कानशीने घासताना लाकूड नकळत टोकाकडे निमुळतं होतं. तोंडाशी ते आवळून बसतं, आत मात्र पोकळ राहतं. हाताला घट्ट लागतं, पण दोरी ओढली की टोक आत हेलकावतं. तोच तो ‘कट्’.

ओळखायला सोपं आहे. नळीच्या आत काजळाचा पातळ हात द्या, लाकूड सरळ आत घाला, न फिरवता बाहेर काढा. फक्त तोंडापाशी काळं कडं उमटलं, तर बसणी खोटी आहे. काळं लागलंय तेवढंच घासा, पुन्हा काजळ लावा. टोकाला आणि तोंडाला दोन्हीकडे डाग उमटेपर्यंत हे चालतं. मला एका सांध्याला पंधरा-वीस फेऱ्या सहज लागतात आणि त्यातली एकही वाया जात नाही. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर ताणून वापरा. बोटाने दाबून घासलंत, तर कडा गोल होतात.

जास्त घासलं गेलं तर कागद किंवा टेप गुंडाळू नका. ते दबतं आणि सांधा पुन्हा हलू लागतो. नळीच्या आत मेणाचा अखंड थर चढवून घोटा, लाकडाला सावकाश सुकणाऱ्या एपॉक्सीचा पातळ लेप द्या आणि अर्धा आत सरकवा. धनुष्याच्या दोन्ही टोकांच्या मध्यावर दोरा ताणून तो मुठीच्या मधोमध जातो का ते पाहा, मग २४ तास हात लावू नका. मेण कुठे सुटलं असेल तर धनुष्य कायमचं एकसंध होईल. आत कोंडलेली हवा लाकूड परत ढकलते, म्हणून नळीच्या तळाशी २ मिमीचं भोक आधीच ठेवा.

हे सगळं पाती घडवण्याआधी करायचं. तयार धनुष्य मधोमध कापून सांधा घातला, तर पात्यांची रेषा जुळवताना नाकी नऊ येतात.

पावसाळ्यात रुतलेला सांधा

लाकूड दमटपणाने आडवं फुगतं, पोलाद तसं फुगत नाही. जुलैमध्ये सांधा निघेना, की लोक दोन्ही पाती धरून पिळतात आणि मुठीजवळचं लाकूड रेषेत फाटतं. पिळू नका. तापवूही नका, घरगुती एपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो. धनुष्य चार दिवस कोरड्या कपाटात ठेवा आणि सरळ रेषेत ओढून काढा.

जुलैत घासून सैल केलेला सांधा डिसेंबरात खुळखुळतो. म्हणून मी बसणीचं काम दिवाळीच्या सुमारास करतो, आणि कापलेल्या टोकाला लाखेचे दोन-तीन हात देतो. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

रोजच्या वापरात तेल नको, तेलाला धूळ चिकटते. सुक्या फडक्याने पुसा, किंचित मेण लावा. दोरी चढवण्याआधी लाकूड पूर्ण आत गेलंय याची खूण मुठीवर करून ठेवा. पाय घालून दोरी चढवण्याची सवय सोडा, त्याने सांध्याला पीळ बसतो. त्यासाठी वेगळी चढवदोरी (दोरी चढवताना धनुष्य वाकवायला वापरायची दोरी) वापरा.

नळीच्या तोंडाची आतली धार कानशीने मारलेली असावी, नाहीतर ती लाकडात रुतत जाते. दर वापरानंतर तिथेच नखाने चाचपा. केसाएवढी चीर लागली, तर ते धनुष्य पुन्हा ओढू नका. चीर वरच्या पॉलिशमध्ये आहे की लाकडात, ते खरवडून पाहा. लाकडात असेल तर तो अर्धा नव्याने घडवा. तो नळी चिकटवलेला अर्धा असला, तरी नळी सोडवून पुन्हा वापरता येते.