गळ टाकण्याआधी: गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीचे नियम कसे वाचावेत, कसे पाळावेत

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मासे पकडायला परवानगी लागते का?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. मासेमारीचे नियम माणसाच्या आधी पाण्याला चिकटलेले असतात. माणूस तोच, काठी तीच, आमिषही तेच, तरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जे चालतं ते खालच्या अंगाला दंडाला पात्र ठरू शकतं. म्हणून एका नदीचे नियम पाठ करून दुसऱ्या नदीवर जाऊ नये. दर वेळी कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, एवढं पाठ असलं की पुरे.

हौशी मासेमारी म्हणजे काय, हे आधी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ साली हौशी मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातल्या व्याख्येचा गाभा असा: पकडलेल्या माशांवर ज्याचं पोट अवलंबून नाही आणि जो ते सहसा विकत नाही, तो हौशी. यातूनच एक नियम निघतो आणि तो बहुतेक ठिकाणी सापडतो. हौशी परवान्यावर पकडलेला मासा विकायचा नाही. शेजाऱ्याला द्या, पण पैसे घेऊ नका.

पहिली पायरी: पाणी कोणाचं?

इथे दोन वेगळे कागद असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक परवाना सरकारचा, दुसरी परवानगी पाण्याच्या किंवा काठाच्या मालकाची. इंग्लंडमध्ये १३ वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसाला काठीने गोड्या पाण्यातले मासे पकडायचे तर सरकारी परवाना लागतो. पण तो खिशात असला म्हणून कोणाच्याही तळ्यावर बसता येत नाही, मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. जर्मनीत बहुतेक राज्यांत तर आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, त्यांचं शरीर, कायदा आणि मासा नीट मारायची पद्धत, हे सगळं आल्याशिवाय परवाना नाही. मला ही व्यवस्था जाचक वाटत नाही. परीक्षा दिलेला माणूस निदान हातात आलेला मासा ओळखतो.

मग नकाशा पाहा. नदी तलावाला मिळते तिथे कोणाचा नियम कुठे संपतो? नदी दोन राज्यांची सीमा असेल तर कोणत्या काठावरून कोणता परवाना चालतो? पिण्याच्या पाण्याचे साठे, अभयारण्यं, मत्स्यबीज केंद्रांजवळचे पट्टे यांना बहुधा वेगळे नियम असतात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणि माशांना वर चढण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांजवळ ठरावीक अंतरापर्यंत गळ टाकायला अनेक ठिकाणी बंदी असते. कारण उघड आहे. तिथे मासे अडून गर्दी करतात, आणि अडलेला मासा पकडण्यात कसब नसतं.

दुसरी पायरी: दिनदर्शिका आणि घड्याळ

बंद हंगाम विणीशी बांधलेला असतो. इंग्लंडमधल्या नद्यांत सॅमन आणि ट्राउट सोडून बाकीच्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून हा काळ बंद असतो. पण सगळे मासे एकाच ऋतूत अंडी घालत नाहीत. ट्राउटच्या काही जाती हिवाळ्याच्या तोंडावर घालतात, तर कित्येक मासे पाणी उबदार झाल्यावर. म्हणून तारखा पाहताना पाणी आणि जात दोन्ही जुळवून पाहा. "मी त्या माशासाठी बसलोच नव्हतो" हा बचाव लंगडा आहे. काही पाण्यांत बंद काळात कुठलाही गळ टाकायला मनाई असते, मग तुमच्या मनात कोणता मासा होता हे कोण विचारतो?

घड्याळाचा नियम दुर्लक्षित राहतो. रात्री मासेमारी चालते की नाही, चालत असेल तर सूर्यास्तानंतर किती वेळ, हे पाहावं. उन्हाळ्यात याला आणखी एक पदर असतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. १० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. गळाशी झुंजून दमलेला ट्राउट अशा पाण्यात सोडला तरी सावरेलच असं नाही. म्हणून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेलं की दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करण्याचे आदेश निघू शकतात. हे आदेश परवान्याच्या पुस्तिकेत छापलेले नसतात, ऐन वेळी निघतात. मासेमारीला निघायच्या दिवशी सकाळी मत्स्य खात्याची सूचना पाहणं म्हणूनच गरजेचं.

तिसरी पायरी: काठी, गळ, आमिष

एका माणसाला किती काठ्या, एका दोरीला किती गळ, तीन टोकांचा गळ चालतो की एकाच टोकाचा, हे मोजून घ्या. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो काही पाण्यांत चालत नाही. पकडीने दाबून आडवा केला तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण पुस्तिकेत तसं लिहिलं आहे का ते बघा. काठी टाकून झाडाखाली झोपायला जाणं हाही बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे. मासा गळ गिळून पोटापर्यंत नेतो आणि काठावर कोणी नसतं.

शिशाचं वजन ही जुनी सवय आहे. हंस आणि बदकं काठावर पडलेले शिशाचे बारीक मणी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमहून जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांना मासेमारीत बंदी आहे. तुमच्याकडे बंदी नसली तरी पोलाद, कथिल किंवा टंगस्टनचं वजन तेच काम करतं.

आमिषात सर्वांत कडक नियम जिवंत माशांबद्दल असतो. जिवंत बोटुकली, म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू, गळाला लावणं जर्मनीत चालत नाही. जिथे चालतं तिथेही ती त्याच पाण्यातली असावी, असं बंधन अनेकदा असतं. सुरुंग, विष आणि वीज यांबद्दल वेगळं सांगायला नको. भारतात १८९७च्या मत्स्य कायद्यातच सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्याला शिक्षा आहे.

चौथी पायरी: मासा ओळखा, मग मोजा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रामाणिक माणसांकडून होतात. ओळखता न आलेला मासा ठेवायचा नाही, हा माझा पहिला नियम. लहानपणी वेगवेगळ्या जातींची पिल्लं इतकी सारखी दिसतात की परांचा आकार, शेपटीची खाच, तोंडाचा कोन पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. संरक्षित जातीचा मासा चुकून लागणं हा गुन्हा नसतो, तो पिशवीत टाकणं हा असतो.

लांबी डोळ्यांनी मोजू नका. हातातला मासा नेहमीच दोन बोटं मोठा दिसतो. ओली मोजपट्टी सपाट ठेवा, माशाचं तोंड मिटलेलं असू द्या, नाक शून्यावर टेकवा. दुसरं टोक कोणतं धरायचं हे नियमावरून ठरतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शेपटीची दोन्ही पाती चिमटीत जुळवून टोकापर्यंत मोजतात. इंग्लंडमध्ये नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात. एकाच माशाच्या या दोन मापांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि कायदेशीर-बेकायदेशीर तेवढ्यावरच ठरतं.

किमान लांबीचा हेतू सोपा आहे: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्यावी. कमाल लांबीचा नियम मात्र नवख्याला उलटा वाटतो. इतका मोठा मासा लागला आणि सोडायचा? पण मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी घालते. तळ्यात अशा चार माद्या उरल्या तर पुढच्या पिढीची सोय होते. म्हणून कित्येक ठिकाणी खालची आणि वरची अशा दोन्ही रेषा आखलेल्या असतात आणि मधल्या मापाचेच मासे ठेवता येतात. इंग्लंडच्या नद्यांत ग्रेलिंग ३० ते ३८ सेंटिमीटरमधलेच ठेवता येतात, दिवसाला दोन. पाईक ६५ सेंटिमीटरपर्यंतचा, तोही एकच. ईल तर लागला की सोडायचाच.

संख्येच्या नियमातही दोन आकडे असू शकतात. एक, दिवसाला किती पकडायचे. दुसरा, एका वेळी तुमच्या ताब्यात किती असू शकतात. दुसऱ्या आकड्यात कालचे, बर्फात ठेवलेलेही धरले जातात. मित्राची संख्या भरलेली नाही म्हणून त्याच्या नावावर तुम्ही पकडणं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. आणि सकाळी ठेवलेला लहान मासा दुपारी मोठा लागल्यावर पाण्यात फेकून देणं, ही अदलाबदल करू नये. तासन्‌तास दोरीला अडकवून ठेवलेला मासा पोहत गेला असं दिसतं, पुढे तो जगतोच असं नाही. ठेवला की तुमच्या संख्येत मोजला गेला.

घरी पोहोचेपर्यंत डोकं, शेपटी किंवा कातडी काढू नका. जात आणि लांबी सिद्ध करता आली पाहिजे. तुकडे झालेला मासा काहीच सिद्ध करत नाही.

पाचवी पायरी: सोडायचा की ठेवायचा

मासा सोडून देणं म्हणजे पुण्य, अशी एक समजूत आहे. नियम सगळीकडे तसं मानत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला मनाई आहे. निव्वळ गमतीसाठी प्राण्याला वेदना देऊ नये, हा त्यामागचा विचार. जपानमधल्या बिवा तलावात बाहेरून आलेले लार्जमाउथ बास आणि ब्लूगिल मूळच्या माशांना खातात, म्हणून शिगा प्रांताने २००३ पासून ते पकडल्यावर पुन्हा तलावात सोडायला बंदी केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात कार्प जिवंत परत सोडणं बेकायदेशीर आहे. तेव्हा सोडणं हा तुमचा स्वभाव असला तरी तो पुस्तिकेशी ताडून पाहा.

सोडायचाच असेल तर नीट सोडा. हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं जंतूंपासून रक्षण करतो, कोरड्या हाताने किंवा फडक्याने तो निघून येतो. शक्य तर मासा हातजाळीत, पाण्यातच ठेवून पकडीने गळ काढा. कल्ल्यांत बोटं घालून उचलू नका, जबड्याला धरून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली आडवा द्या. फोटो हवा असेल तर मासा वर काढताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटण्याआधी तो पाण्यात परत गेला पाहिजे. गळ घशाच्या आत गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. ओढून काढण्यापेक्षा गळ आत राहिलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार द्या. पूर्वी मागेपुढे हलवायला सांगत, पण मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. त्यापेक्षा तो स्वतःच्या जोरावर सुटेपर्यंत थांबा.

ठेवायचा असेल तर लगेच मारा. जड दांडक्याचा डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर एक नेमका घाव, मग कल्ल्यांजवळ छेद देऊन रक्त जाऊ द्या. काठावर तडफडत ठेवणं क्रूर आहे, काही देशांत बेकायदेशीरही.

सहावी पायरी: निघताना

तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, खिशात घाला. तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पाखरांच्या पायांत गुंततो. उरलेलं आमिष पाण्यात ओतू नका, डब्यातलं पाणीही नाही.

आता धुणं. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या भागात १९८८ साली झेब्रा मसल हा नखाएवढा शिंपला सापडला. तो जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला, पण तिथून आतल्या तळ्यांत पसरायला हौशी लोकांच्या होड्याही कारण झाल्या. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ दक्षिण बेटावरच्या नदीत आढळलं, आणि २००८ पासून नमद्याच्या (दाबून बनवलेल्या जाड कापडाच्या) तळाचे बूट घालून नदीत उतरायला बंदी आली. नमदा लवकर वाळत नाही, ओलाव्यात शेवाळाच्या पेशी टिकतात. तुमच्याकडे अशी बंदी नसली तरी बूट, जाळी, होडी यांवरचा चिखल आणि वनस्पती तिथेच काढा, साचलेलं पाणी तिथेच ओता आणि सगळं पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. एका तळ्यातला जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात सोडणं तर परवानगीशिवाय कधीच नाही.

एक गोष्ट नियमपुस्तिकेत नसली तरी सांगतो: कार्बनच्या काठीतून वीज वाहते. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे काठी उभारू नका.

शेवटी वही. काही जातींसाठी पकडलेल्या माशांची नोंद खात्याला कळवावी लागते. इंग्लंडमध्ये सॅमन आणि सी-ट्राउटचा परवाना घेणाऱ्याने वर्षभराची नोंद १ जानेवारीपर्यंत द्यायची असते, वर्षभर एकही मासा लागला नसला तरी. अशा वेळी रकाना रिकामा सोडायचा नाही, शून्य लिहून पाठवायचं.